एक मणी जास्त

शनिवार, १७ डिसेंबर २००५

ही वही सातवीच्या भूमितीच्या गाइडमागं ठेवायची. संघप्रिया त्या कप्प्याला हात लावत नाही. गणिताची पुस्तकं बघितली की तिला जांभया येतात. पोस्टात नोकरी करते, पण घरातला हिशोब माझ्यावर ढकलते.

सोमवारी संध्याकाळी राजारामपुरीत आठव्या गल्लीच्या तोंडाला चिरमुऱ्याच्या गाड्यावर स्कूटर घातली. गाडेवाला ओरडला, "ओ मास्तर, एवढा मोठा गाडा दिसंना व्हय तुमास्नी?" दिसला नव्हता. खरंच नव्हता. म्हणून आज चष्म्याचा नंबर बदलून घ्यावा म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो.

त्यांनी अंधाऱ्या खोलीत एका मशीनपुढं बसवलं. हनुवटी टेकवा, समोर बघा, बाजूला कुठंही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबा. टिक आवाज येतो. मी बसलो. ठिपकेच येईनात. मशीन बंद पडलंय वाटतं म्हणून मी गप्प राहिलो. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "मशीन चालू होतं, सर."

डोळ्याचा आतला पडदा कडेनं वाळत चाललाय म्हणे. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, मग समोरचं. औषध? सध्या नाही. ऑपरेशन? नाही. मग तुम्ही पाटी कशाला लावलीय बाहेर, असं तोंडावर आलं होतं.

"घरात आणखी कुणाला हा त्रास?"

"नाही. वडील पिऊन पडायचे, पण डोळ्यांचं काही नव्हतं."

"मुलं?"

"एक मुलगी. श्रुती. दहा वर्षांची."

"तिला घेऊन या. हे वाडवडिलांकडून येतं. उशीर करू नका."

व्हय म्हणून आलो. पण श्रुतीला कशाला? पोरगी पाचवीत पहिली येते. परवा भिंतीवरची मुंगी तिनंच मला दाखवली. तिला न्यायचं म्हणजे संघप्रियाला सांगायचं. तिला सांगितलं की सासुरवाडीला कळलं, सासुरवाडीला कळलं की शाळेला कळलं. आंधळा मास्तर फळ्यावर काय लिहिणार?

मला भीती वाटतेय. इथं लिहून ठेवतो, कारण सांगणार कुणाला?

मंगळवार, २० डिसेंबर

सातवी 'ब'. फळ्यावर पाच ओळींची बेरीज मांडली आणि मधली एक ओळ सोडून खाली उतरलो. मला चार ओळीच दिसत होत्या. बावीस वर्षं गणित शिकवतोय मी! पोरं ओरडली, "सर, चुकलं, चुकलं!" मी म्हणालो, "मुद्दाम चुकवलं. कुणाचं लक्ष आहे ते बघत होतो." पोरांनी टाळ्या वाजवल्या. 

हे दरवेळी चालणार नाही.

रविवार, २५ डिसेंबर

काल संध्याकाळी सहाला लाइट गेली. हल्ली रोज जाते, आठला येते. मी कॉटवर भिंतीला पाठ लावून बसलो. अंधार पडला की मी असाच बसतो, हलत नाही. संघप्रियाला वाटतं दमून येतात बिचारे.

तिनं मेणबत्ती आणली तर श्रुती म्हणाली, "नको आई. नुसता डोळ्यावर उजेड येतोय." आणि अंधारात तिच्या अबॅकसचे मणी वाजायला लागले. टकटक, टकटक. हा अबॅकसचा क्लास राजारामपुरीत निघालाय, वर्षभर ती जाते. मी पहिल्यापासून विरोधात. पाढे पाठ करायचे सोडून मणी कसले खेळवता? मी त्याला मण्यांचं खूळ म्हणतो. पण पोरगी अंधारात तीन-तीन आकड्यांच्या दहा संख्या मिळवत होती. मी तोंडी ताळा केला. बरोबर. परत विचारलं. परत बरोबर.

"न बघता कसं गं?"

"बघायचं कशाला पप्पा? हाताला कळतंय की."

तेव्हापासून डोक्यात ते एकच वाक्य फिरतंय. हाताला कळतंय की.

मंगळवार, २७ डिसेंबर

"तुमचं थोतांड काय आहे ते मला शिकव," म्हणून श्रुतीपुढं बसलो. तिनं तिची अबॅकस क्लासच्या सुरुवातीची जुनी, मण्यांची छोटी पाटी मला दिली. स्वतःची देईना. "माझीला हात लावायचा न्हाय. मणी हालत्यात."

उभ्या तारा, मधे एक आडवी पट्टी. प्रत्येक तारेवर वर एक मणी, तो पाचाचा. खाली चार, ते एकेकाचे. पट्टीला भिडला तो मणी मोजायचा, लांब राहिला तो नाही. एवढंच. आठात सात मिळवायचे आहेत, पण सात मणी उरलेलेच नाहीत. मग काय करायचं? सातचा मित्र कोण? तीन. कारण दोघं मिळून दहा. मग आठातून तीन काढायचे आणि शेजारच्या तारेवर दहाचा एक मणी चढवायचा. पंधरा.

"आपल्यापाशी न्हाय तर मित्राला बोलवायचं," श्रुती म्हणाली. क्लासच्या बाईंचं वाक्य असणार.

मी डोळे मिटून करायला गेलो तर बोट लागलं की मणी घसरायचे. आठाचे सहा व्हायचे. श्रुतीनं माझ्या हातावर चापट मारली. "रेटू नका! मांजराला हात लावतासा तसा लावा." मास्तरला चापट! मी हसलो. दहा दिवसांत पहिल्यांदा हसलो असेन.

रविवार, १ जानेवारी २००६

काल तिन्हीसांजेला श्रुतीनं दुधाचं पातेलं लाथाडलं. उंबऱ्याजवळ भुईवरच ठेवलं होतं, नेहमीच्या जागेवर नव्हतं, पण आंधळ्यालाही दिसेल असं. दीड लिटर दूध. मी ओरडलो, "डोळे फुटले काय गं तुझे?"

आमच्याकडं हे सगळेच बोलतात. माझी आई दिवसातनं दहा वेळा बोलायची. पण हल्ली तो शब्द मला सोसत नाही.

श्रुती फडकं घेऊन पुसत बसली. अर्धं दूध कपाटाखाली गेलं होतं, तिकडं तिनं बघितलंच नाही. धांदरट झालीय. सगळं डोकं त्या स्पर्धेत. बारा फेब्रुवारीला अबॅकसची जिल्हा स्पर्धा आहे.

संघप्रियानं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या हो त्या दिवशी?" मी म्हणालो, "नंबर वाढलाय." पंचशील म्हणत वाढलो, खोटं बोलणार नाही म्हणून लहानपणापासून रोज म्हणतोय. तरी बोललो.

श्रुतीला दाखवायचं स्पर्धेनंतर बघू. डोळ्यात थेंब घातले की दिवसभर वाचता येत नाही. अभ्यास बुडेल.

रविवार, ८ जानेवारी

अजब झालं. माझी पाटी आता घसरत नाही. बोट लावलं तरी मणी जागचा हालत नाही, ढकलला तरच सरकतो. उलटी करून चाचपली. तळाला कुणीतरी जाड लोकरी कापड मण्यांना टेकेल असं ओढून चिकटवलंय. माझ्या फळा पुसायच्या डस्टरचं असतं तसलं.

संघप्रियाच. दुसरं कोण? म्हणजे तिला कळलंय? मी दिवसभर तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती भाकऱ्या थापत होती, रेडिओ ऐकत होती. विचारायला गेलो तर सगळंच सांगावं लागेल. नाही विचारलं.

पण डोळे मिटून पन्नास बेरजा केल्या. सत्तेचाळीस बरोबर.

शुक्रवार, २० जानेवारी

जमलं! टेबलाच्या खणात पाटी ठेवली, डावा हात खणात, उजव्या हातात खडू. पोरं ओळीनं संख्या सांगत गेली आणि मी फळ्याकडं तोंड करून उत्तर लिहिलं. पहिल्या बाकावरचा म्हणाला, "सर, तोंडी?" मी म्हणालो, "मग काय!" छाती अशी फुगली.

आणि तास संपवून खाली उतरताना शेवटच्या पायरीला पडलो. तिथला जिना दुपारीही काळोखा असतो. शिपाई जोतीराम धावत आला, उचललं, कपडे झटकले. मग इकडंतिकडं बघून अंगठा तोंडाला लावून दाखवला आणि हळूच म्हणाला, "काय सर, दुपारीच?"

त्याला नाही असं मान हलवून सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण पिऊन पडला म्हणतायत, आंधळा तर म्हणत नाहीत, असं मनात आलं आणि मी चक्क हसलो. माझा बाप असाच पडायचा. गाव असंच अंगठा दाखवायचं. मी पंधरा वर्षांचा होतो, त्याची मला लाज वाटायची. ज्या संध्याकाळी तो कॅनॉलमध्ये पडून गेला, तेव्हा रडण्याआधी मी पहिल्यांदा त्याचं तोंड हुंगलं होतं. वास आला की नाही ते आठवत नाही. आला असणार असं मी धरून चाललो.

रविवार, २९ जानेवारी

धोंडुबाई आत्ती आलीय, राधानगरीकडून. वडिलांची धाकटी बहीण, सत्तरीची असेल. घरात शिरल्यापासून तोंड बंद नाही. दुपारी श्रुती मला पाटीवर शिकवत होती ते बघून आत्ती म्हणाली, "आगं बाई, ह्ये तर अण्णासोचं चिंचोकं!"

"कसले चिंचोके?"

"तुझा बा गुऱ्हाळावर गुळाचं रवं, ढेपा रं, मोजायचा. दिवस मावळला तरी गाडी भरायची असायची. मग ह्या खिशात चिंचोकं भरायचा. रवा हाताला लागला की येक चिंचोका ह्या खिशातनं त्या खिशात. कवा चुकला न्हाई."

"आत्ती, तो प्यायलेला असायचा ना?"

आत्तीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच प्यायलोय. "कोण म्हनलं तुला? माज्या भावानं थेंब शिवला न्हाई. छपन्न सालात दीक्षा घिऊन आला, तवाधरनं न्हाई. दिवस मावळला की त्येला दिसत न्हवतं रं. आंधळा म्हनलं तर गुऱ्हाळावरनं काढतील म्हनून पेताड म्हनून घेतलं त्यानं. मला तेवढं ठाव हुतं. मला शपथ घातली हुती."

मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो.

म्हणजे बापाकडून मला आलं. आणि बापानं जे केलं तेच मी जिन्याखाली हसून केलं. वाडवडिलांकडून येतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बापाकडून मला, आणि

पुढचं वाक्य लिहिणार नाही. स्पर्धा बारा तारखेला आहे. त्यानंतर बघू म्हटलंय ना? मग त्यानंतर.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

सकाळी संघप्रिया म्हणाली, "ही पोरगी हल्ली संध्याकाळी खेळायला खाली जाईना. मैत्रिणी हाका मारून जातात." मी म्हणालो, "स्पर्धा आहे. अभ्यास करू दे की." चढ्या आवाजात म्हणालो. का चढ्या आवाजात म्हणालो कुणास ठाऊक.

आज अक्षर वाईट येतंय.

सोमवार, १३ फेब्रुवारी, पहाटे

कालचं लिहितो. सगळं लिहितो.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. तीनशे पोरं, त्यांचे आईबाप, गोंधळ नुसता. संघप्रियाला रविवार असूनही ड्युटी होती, मी एकटाच घेऊन गेलो. शेवटची फेरी हवेतली. म्हणजे पाटी काढून घेतात, बाई माइकवर संख्या सांगतात, पोरं हवेत बोटं हलवून मनातले मणी सरकवतात. आत जाताना श्रुतीनं तिची पाटी माझ्या हातात दिली. "धरा. आणि खेळत बसू नका."

पोरगी आत गेल्यावर मी डोळे मिटून बोट लावलं.

मणी घसरला नाही.

मला वाटलं माझीच पाटी आणलीय. नाही, ही मोठी, सतरा तारांची, तिचीच. उलटी केली. तळाला लोकरी कापड. माझ्या पाटीचं नवं आहे, हे झिजून गुळगुळीत झालेलं, कडा हाताच्या मळानं काळ्या. महिन्याभरातलं नाही. वर्षाचं असेल.

त्यानंतर एकेक गोष्ट आपोआप ओळीला लागली. दुधाचं पातेलं. कपाटाखालचं दूध. मेणबत्ती नको. खाली खेळायला नको. मी गणिताचा मास्तर! पाच संख्या समोर मांडलेल्या आणि मी बेरीज करायची टाळत होतो.

साडेसहाला फेरी संपली, आणि तेवढ्यात लाइट गेली. जनरेटर लागेपर्यंत काही मिनिटं पोरांचा आरडाओरडा. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी भिंत धरून पोरांच्या हॉलकडं जाणाऱ्या बोळाच्या तोंडापर्यंत गेलो. मग दिवे लागले, पिवळे, मंद. सगळी पोरं पळत बाहेर आली. सगळ्यात शेवटी श्रुती. डाव्या हाताची बोटं भिंतीवरून घसटत, पाय आधी चाचपून मग टाकत. मी चालतो तसं. हुबेहूब मी चालतो तसं.

"श्रुती!"

"पप्पा, कुठं हाईसा?"

मी चार हातांवर उभा होतो.

बाहेर कट्ट्यावर बसवलं. विचारलं, "तुला संध्याकाळी दिसत नाही?"

"न्हाय. तुमास्नी तरी कुठं दिसतंय?"

"कधीपासनं?"

"पहिलीत होते तवापासनं. मला वाटलं मोठं झालं की सगळ्यांचंच जातंय. तुमचं गेलंय की. म्हणून तुमच्या पाटीला पण कापड लावलं. तुमच्या डस्टरचंच कापलं, रागावू नका."

"आणि सांगितलं का नाहीस गं कधी?"

ती मग म्हणाली, "तुम्ही पण कुठं सांगितलासा? मला वाटलं सांगायचं नसतंय. दूध सांडलं तवा तुम्हीच म्हणालासा, डोळे फुटले काय म्हणून. मी भ्याले."

आम्हाला रिक्षा बघता येईना म्हणून दारातल्या चिक्कीवाल्याला हात धरून रस्त्यापर्यंत सोडायला सांगितलं. तो म्हणाला, "चला पावणं." नंबर आला का, कितवा आला, ते विचारायचंही राहून गेलं.

घरी येऊन संघप्रियाला सगळं सांगितलं. ती माझ्या अंगावर धावून आली, खरंच धावून आली, दोन्ही मुठी माझ्या छातीवर आपटल्या. "दोन महिने! दोन महिने माझ्या लेकराला घरात ठेवलंत तुम्ही! लाज वाटली तुम्हाला? कुणाची? जोतीराम शिपायाची?" तिचं एक अक्षर चुकीचं नव्हतं.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

शाळेत रजा टाकली. काल हेडसरांना सगळं खरं सांगितलं. कागदावर लिहून द्या, बघू, म्हणाले. माझं जे व्हायचं ते होऊ दे. त्याची भीती कुठं गेली कळतच नाही. दुसऱ्या भीतीनं जागा ठेवली नसेल.

दवाखान्यात अंधाऱ्या खोलीबाहेर बाकावर बसलो. मी आणि संघप्रिया. दाराला नुसता पडदा होता, आतलं टिक टिक सगळं ऐकू यायचं. श्रुतीच्या आधी कागलचे एक आजोबा आत होते. वेळ जाईना म्हणून मी मांडीवर पाटी घेतली. एक टिक, एक मणी. आजोबांचे दोनशे सहा झाले. पासष्टीचा माणूस, काचबिंदूच्या तपासणीला आलेला.

मग श्रुती आत गेली. बाईंचा आवाज आला, "समोर बघ बाळ. बाजूला ठिपका दिसला की दाब. घाबरायचं नाही."

टिक. एक मणी. टिक. टिक. बरं चाललंय. पाच झाले, वरचा मणी खाली. दहा. वीस. मग थांबलं. आतल्या मशीनची घरघर चालू होती, म्हणजे ठिपके पडत होते. माझ्या लेकराच्या चारी बाजूंना ठिपके पडत होते आणि ती वाट बघत बसली होती, मी बसलो होतो तशी. टिक. परत थांबलं. संघप्रियानं माझा दंड धरला होता, तिची नखं रुतली. "किती?" ती सारखी विचारत होती. "किती हो?" मी सांगितलं नाही.

एकसष्टला मशीन थांबलं.

आजोबांचे दोनशे सहा. एकसष्ट. मी त्या मण्यांवर बोट ठेवून बसलो आणि काय झालं माहीत नाही, खालचा एक मणी मीच वर ढकलला. बासष्ट. उगाच. एका मण्यानं काय होणार होतं? बावीस वर्षांत पोरांना एका गुणाची सूट दिली नाही मी.

पडदा सरकवून श्रुती बाहेर आली. बाकाचा कोपरा चाचपला, माझ्या आणि आईच्या मधे येऊन बसली. माझ्या मांडीवरची पाटी तिच्या हाताला लागली. मांजराला हात लावावा तशी तिची बोटं तारांवरून फिरली, आणि थांबली.

"पप्पा, एक मणी जास्त हाय."

"असू दे बाळा."

"असू दे काय? आत मी पण मोजत होते की, हवेत. एकसष्टच झाले." तिनं तो मणी बोटानं खाली सरकवला, माझं बोट धरून एकसष्टवर नेऊन ठेवलं, आणि म्हणाली, "आता बरोबर. चला, बाई बोलवायला लागल्यात."